नियमांचे शिल्पकार : मॉरिस डॅव्हिन

खेळाच्या इतिहासात विक्रमवीरांची नावे दीर्घकाळ टिकतात. ज्यांनी खेळाला नियम दिले त्यांची नावे मात्र बहुधा विस्मृतीत जातात. प्रेक्षक गोल मोजतो. पण गोल कशाला म्हणायचे आणि दांडगाई कशाला म्हणायचे, हे प्रथम कोणी ठरविले याचा विचार तो सहसा करीत नाही. आयर्लंडचे मॉरिस डॅव्हिन यांचे वैशिष्ट्य असे की, या दोन्ही मालिकांत त्यांचे नाव मानाने घेतले जाते. ते आपल्या काळातील श्रेष्ठ मैदानी खेळाडू होते. आणि ज्याला आज ‘गेलिक फुटबॉल’ म्हणतात, त्या आयरिश लोकांच्या आवडत्या खेळाचे पहिले लेखी नियम तयार करण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. बलवान मनुष्याने बळाला मर्यादा घालणारे नियम करावेत आणि पुढे त्याच मर्यादेचा प्रश्न त्याच्या स्वतःच्या आयुष्यात उभा राहावा, अशी ही जीवनकथा आहे.

गेलिक फुटबॉल आपल्याकडे फारसा परिचित नाही. म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. या खेळात चेंडू पायाने मारता येतो, तसाच हाताने झेलता येतो आणि मुठीने टोलवताही येतो. चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा अधिक चालता येत नाही. पुढे जायचे असेल तर तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या चवड्याने उडवून पुन्हा हाती घ्यावा लागतो. गोलखांब इंग्रजी ‘एच’ या अक्षराच्या आकाराचे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, वरून गेला तर गुण. प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात. हा खेळ आयर्लंडमधील खेड्यापाड्यांतून आणि तेथील बहुतेक धर्मग्रामांतून खेळला जातो. मात्र डॅव्हिन यांच्या तरुणपणी यातील जवळजवळ काहीच निश्चित नव्हते.

नदीकाठचे घर

मॉरिस डॅव्हिन यांचा जन्म २९ जून १८४२ रोजी, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या दिवशी, टिपरेरी परगण्यातील कॅरिक-ऑन-शुअर या गावाजवळ झाला. शुअर नदीच्या काठी डिअरपार्क येथे त्यांच्या कुटुंबाची शेती होती. शेतीला जोड म्हणून डॅव्हिन कुटुंब नदीवरून मालवाहतूक करी. मालाने भरलेल्या नावा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने क्लॉनमेल गावापर्यंत न्यावयाच्या असत. त्यासाठी काठावरून चालणाऱ्या घोड्यांना दोरखंड बांधून नावा ओढाव्या लागत. हे काम अंगमेहनतीचे होते, तसेच शिस्तीचेही होते. घोडे, दोर, नाव आणि माणसे यांचा मेळ जरा चुकला तर माल पाण्यात जाई.

मॉरिस तीन वर्षांचे असताना, १८४५ साली, आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षे त्या देशाने भीषण दुष्काळ भोगला. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडली. तितकीच माणसे देशोधडीला लागून परदेशी गेली. ज्या गावांतून माणसेच नाहीशी झाली, तेथील जुने खेळ, मेळावे आणि उत्सवही ओसरले. मॉरिस यांची पिढी या उद्ध्वस्त समाजात वाढली. पुढे त्यांनी खेळासाठी जे श्रम घेतले, त्यांचे मोल या पार्श्वभूमीवरच कळते. त्या काळी मैदानावर पुन्हा माणसे जमणे हेच गावात जीव परत आल्याचे लक्षण होते.

वडिलांच्या मागे शेतीचा आणि नावांच्या व्यवसायाचा भार मॉरिस यांच्यावर आला. तो सांभाळून त्यांनी शरीर कमावले. नौकानयनाची त्यांना विलक्षण आवड होती आणि स्वतःच्या शर्यतीच्या होड्या ते स्वतः बांधीत. टॉम आणि पॅट हे त्यांचे धाकटे बंधूही नामवंत खेळाडू झाले. पॅट यांनी १८८० साली उंच उडीत आणि १८८३ साली लांब उडीत जगातील त्या वेळेपर्यंतची सर्वोच्च नोंद केली. एकाच शेतकरी कुटुंबात असे तीन बंधू निपजणे ही दुर्मिळ गोष्ट होय.

बर्मिंगहॅम येथील यश

मॉरिस यांचे प्रावीण्य गोळाफेक आणि हातोडाफेक या क्रीडाप्रकारांत होते. वयाची तिशी उलटल्यावर त्यांनी या प्रकारांकडे गांभीर्याने लक्ष दिले. १८७५ ते १८७९ या काळात त्यांनी आयर्लंडची दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. त्यानंतर ते स्पर्धेतून जवळजवळ निवृत्त झाले होते; परंतु १८८१ साली, नुकतीच एकोणचाळीस वर्षे पूर्ण झालेली असताना, ते इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे इंग्लिश अजिंक्यपद स्पर्धेत उतरले. तेथे त्यांनी गोळाफेक व हातोडाफेक ही दोन्ही अजिंक्यपदे जिंकली. वय, प्रवास आणि परका प्रेक्षकवर्ग यांपैकी काहीही त्यांच्या आड आले नाही.

या विजयाने मॉरिस डॅव्हिन हे नाव आयर्लंडमध्ये घरोघरी पोहोचले. तथापि त्यांच्या मनात एक बोच निर्माण झालेली होती. ते ज्या ज्या स्पर्धांत भाग घेत, त्यांचे नियम इंग्लंडमध्ये ठरलेले असत. आयर्लंडमधील मैदानी स्पर्धांची सूत्रे मुख्यतः डब्लिनच्या उच्चभ्रू मंडळींकडे होती. शेतमजूर, कारागीर, दुकानातील नोकर यांना त्या वर्तुळात मानाचे स्थान नव्हते. त्यातच या स्पर्धा बहुधा शनिवारी होत. कष्टकऱ्याला आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळे, तो रविवार. सकाळी मिस्सेला उपस्थित राहून दुपारी गावकऱ्यांनी मैदानावर जमावे, ही ग्रामीण आयर्लंडची जुनी रीत होती. पण ज्यांच्या हाती स्पर्धांचा कारभार होता, त्यांना रविवारचा खेळ मान्य नव्हता. त्यामुळे देशातील बहुसंख्य तरुण आपल्याच देशातील मैदानाबाहेर उभे होते.

नियमाविना खेळ

गावोगावी फुटबॉल खेळला जाई हे खरे. पण त्याचे स्वरूप गावागणिक निराळे असे. काही ठिकाणी एका गावाची सगळी तरुण मंडळी दुसऱ्या गावाच्या सगळ्या तरुण मंडळींशी भिडत. मैदानाला सीमा नसे. शेते, कुंपणे, ओढे ओलांडीत चेंडू नेला जाई. कुस्ती, पाडापाडी, पायात पाय घालणे यांना आडकाठी नव्हती. कोणी किती वेळ खेळायचे, कोणी थांबवायचे, काहीच ठरलेले नसे. अशा सामन्यातून घरी परतताना कोणाचा हात मोडलेला असे, तर कोणाच्या मनात वर्षभर पुरेल एवढे वैर साठलेले असे.

याच सुमारास मायकल क्युसॅक नावाच्या एका शिक्षकाने हा विषय हाती घेतला. क्युसॅक यांचा जन्म १८४७ साली क्लेअर परगण्यात झाला होता. डब्लिनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी विद्यार्थी तयार करणारी त्यांची संस्था चांगली चाललेली होती. ११ ऑक्टोबर १८८४ रोजी त्यांनी वृत्तपत्रात एक खळबळजनक लेख लिहून आयरिश लोकांनी आपले खेळ आपल्या हाती घ्यावेत, असे आवाहन केले. पुढल्याच अंकात त्याला डॅव्हिन यांचे सविस्तर उत्तर आले.

या पत्रात त्यांचा स्वभाव पुरेपूर दिसतो. क्युसॅक यांच्या लेखात आवेश होता. डॅव्हिन यांच्या पत्रात विचार होता. त्यांनी इंग्रजांवर आग पाखडली नाही. बहुतेक खेळांचे नियम पुस्तकांत मिळतात, पण आयरिश फुटबॉल आणि हर्लिंग यांचे नियम कोठेच मिळत नाहीत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. नीट आखलेल्या मैदानावर, योग्य नियमांनुसार खेळला तर आयरिश फुटबॉल दूरवरून येऊन पाहावा असा खेळ आहे, असे त्यांचे मत होते. मात्र ज्या स्थितीत तो तेव्हा खेळला जात होता, त्या स्थितीत तो पाहण्याची त्यांना इच्छा नव्हती. कारण नियम नसल्यामुळे तो धोक्याचा झाला होता. जुन्या खेळाविषयी प्रेम आणि त्याच्या दोषाविषयी स्पष्टपणा, ही दोन्ही त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. खेळाचे नियम ठरवून त्याचे पुनरुज्जीवन करण्याच्या कामी साहाय्य करण्याची तयारीही त्यांनी दर्शविली.

सर्व संतांच्या दिवशी

१ नोव्हेंबर १८८४ हा शनिवार होता आणि सर्व संतांचा सणही होता. त्या दिवशी दुपारी टिपरेरी परगण्यातील थर्लस गावी हेज यांच्या हॉटेलातील बिलियर्डच्या खोलीत एक छोटी सभा भरली. क्युसॅक आणि डॅव्हिन यांच्या नावे सभेचे निमंत्रण निघाले होते. जमलेली मंडळी अगदी मोजकी होती. परंपरेने त्यांची संख्या सात सांगितली जाते. त्यांत पत्रकार होते, इमारतींचा एक कंत्राटदार होता, एक वकील होता आणि विशेष म्हणजे एक पोलीस अधिकारीही होता. डॅव्हिन यांनी अध्यक्षस्थान स्वीकारले. याच सभेत ‘गेलिक ॲथलेटिक असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली आणि डॅव्हिन तिचे पहिले अध्यक्ष झाले. क्युसॅक चिटणीस झाले.

नव्या संस्थेला तीन मातब्बर आश्रयदाते लाभले. आयरिश राजकारणाचे नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल, भूमी-चळवळीचे प्रणेते मायकल डॅव्हिट आणि कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक. क्रोक यांचा मुक्काम थर्लस येथेच असे. त्यापूर्वी ते न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे बिशप होते. डिसेंबर १८८४ मध्ये त्यांनी लिहिलेले स्वीकृतिपत्र या संस्थेची जणू सनदच ठरली. लोकांनी स्वतःचे खेळ टाकून परक्यांचे अनुकरण करावे, याचा त्यांना मनापासून खेद होता. आर्चबिशपांच्या पाठिंब्यामुळे गावोगावचे धर्मगुरू पुढे आले आणि संस्था वणव्यासारखी पसरली. पण या पसरणाऱ्या संस्थेला एक गोष्ट तातडीने हवी होती. ती म्हणजे नियम.

दहा नियम

१७ जानेवारी १८८५ रोजी थर्लस येथे भरलेल्या सभेत फुटबॉल, हर्लिंग व मैदानी स्पर्धा यांचे नियम मान्य झाले आणि पुढील महिन्यात ते प्रसिद्ध झाले. फुटबॉलचे नियम अवघे दहा होते. एका पानावर मावतील एवढे. परंतु त्यांतील प्रत्येक वाक्यामागे डॅव्हिन यांचा मैदानावरचा अनुभव उभा होता.

मैदान किमान १२० यार्ड लांब व ८० यार्ड रुंद असावे आणि त्याच्या सीमारेषा आखलेल्या असाव्यात. रेषा कुंपणापासून किमान पाच यार्ड आत असावी. कुंपणावर आदळून जखमी होणारे तरुण ज्याने पाहिले आहेत, त्यालाच हे पाच यार्ड सुचतात. प्रत्येक बाजूस कमीत कमी चौदा व जास्तीत जास्त एकवीस खेळाडू असावेत. गोलखांबांमध्ये पंधरा फुटांचे अंतर असावे आणि जमिनीपासून आठ फूट उंचीवर आडवी दांडी असावी. खेळ एक तास चालावा आणि निम्म्या वेळेनंतर बाजू बदलाव्यात, म्हणजे वारा व उतार यांचा लाभ दोघांनाही सारखा मिळेल. बुटांना लोखंडी खिळे किंवा नाल नसावेत. घसरू नये म्हणून तळव्याला चामड्याच्या पट्ट्या लावाव्यात.

मागून ढकलणे, मागून पाय घालून पाडणे, मागून धरणे आणि डोक्याने धडक देणे हे अपराध ठरविण्यात आले. जो असे करील त्याला बाजूला उभे केले जाई. त्या सामन्यात तो पुन्हा खेळू शकत नसे आणि त्याच्या जागी दुसरा खेळाडूही घेता येत नसे. एकाच्या दांडगाईची किंमत सर्व संघाने मोजावी, असा या नियमाचा अर्थ होता. पंचांना याबाबत पूर्ण अधिकार देण्यात आला. येथे मागून हा शब्द महत्त्वाचा आहे. समोरासमोरच्या झुंजीला डॅव्हिन यांची हरकत नव्हती. खेळ मर्दानी राहावा हीच त्यांची इच्छा होती. ज्याला प्रतिकाराची संधीच नाही, अशावर बळ चालवणे त्यांना अमान्य होते.

या दहा नियमांतील सर्वांत हृद्य तरतूद खेळाच्या प्रारंभाविषयी होती. दोन्ही संघांनी मैदानाच्या मध्यभागी समोरासमोर दोन रांगांत उभे राहायचे आणि पंच चेंडू वर टाकीपर्यंत प्रत्येकाने प्रतिपक्षातील एकाचा हात आपल्या हाती धरून ठेवायचा. पुढला तासभर ज्याच्याशी झुंजायचे, त्याचा हात आधी हातात घ्यायचा! जेथे गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भांडणे होती, तेथे हा एक नियम काय करू पाहत होता हे निराळे सांगण्याची गरज नाही.

नियम परिपूर्ण नव्हते. त्यांत फक्त गोलच मोजले जात. नव्या नियमांनुसार झालेल्या पहिल्या सामन्यांपैकी एक फेब्रुवारी १८८५ मध्ये किलकेनी येथे कॅलन आणि किलकेनी या संघांत झाला. तो एकाही गोलाशिवाय अनिर्णित राहिला. कुस्तीची जुनी सवयही चटकन सुटली नाही. चेंडू एकीकडे आणि कुस्त्या दुसरीकडे असे दृश्य दिसू लागले. तेव्हा १८८६ साली नियमांत सुधारणा झाली. खेळाडूंमधील कुस्तीला मनाई करण्यात आली आणि गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक खांब उभारून, त्यांमधून जाणाऱ्या चेंडूला गुण देण्याची पद्धत सुरू झाली. नियम लागू होऊन दोन वर्षे होण्यापूर्वीच त्यांची फेरतपासणी झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नियम हे माणसासाठी असतात, अनुभवाने त्यांतील उणीव दिसली की ती दूर केली पाहिजे, हा पायंडा आरंभीच पडला.

संस्थेतील झुंज

मैदानावर शिस्त येत होती. पण संस्थेच्या आत ती ढळू लागली. क्युसॅक कर्तबगार होते, तसेच तापटही होते. त्यांच्या जिभेने अनेक मित्र दुखावले आणि जुलै १८८६ मध्ये त्यांना चिटणीसपदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर संस्थेवर गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या लोकांचा प्रभाव वाढला. आयर्लंडचे स्वातंत्र्य सशस्त्र मार्गाने मिळविण्याचे त्यांचे ध्येय होते आणि गावोगाव पसरलेली, तरुणांनी भरलेली ही संस्था त्यांना सोयीची वाटली. डॅव्हिन स्वतः देशाभिमानी होते. पण खेळाची संस्था खेळासाठी असावी आणि तिचा कारभार सर्वांच्या संमतीने चालावा, असे त्यांचे ठाम मत होते. कार्यकारिणी आपल्या अधिकाराबाहेर जाऊन निर्णय घेत आहे असे दिसताच त्यांनी १८८७ मध्ये अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. ज्याने पंचाला सर्वाधिकार दिले होते, त्याला संस्थेतही नियमांपेक्षा कोणी मोठा झालेला चालणार नव्हता.

नोव्हेंबर १८८७ मध्ये थर्लस येथे भरलेले अधिवेशन वादळी झाले. सभेचा अध्यक्ष कोण, येथूनच तंटा सुरू झाला. उपस्थित धर्मगुरू आणि त्यांचे समर्थक सभात्याग करून बाहेर पडले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डॅव्हिन यांच्याऐवजी क्रांतिकारी गटाचे एडवर्ड बेनेट निवडले गेले. आर्चबिशप क्रोक यांनी या प्रकारापासून स्वतःला जाहीरपणे अलग केले. संस्था फुटणार अशी चिन्हे दिसू लागली. पण क्रोक आणि डॅव्हिट यांच्या मध्यस्थीने समेट झाला. जानेवारी १८८८ मध्ये पुन्हा अधिवेशन भरले आणि डॅव्हिन पुनश्च अध्यक्ष झाले.

त्याच वर्षी पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा पूर्ण झाली. ही स्पर्धा १८८७ सालची असली, तरी तिचा फुटबॉलचा अंतिम सामना २९ एप्रिल १८८८ रोजी डब्लिनजवळ झाला. लिमरिकच्या संघाने डंडॉकच्या संघाला हरवून पहिले अजिंक्यपद पटकावले. तीन वर्षांपूर्वी ज्या खेळाला सीमारेषाही नव्हत्या, त्याचा राष्ट्रीय अजिंक्यवीर आता ठरू लागला होता.

अमेरिकेची सफर आणि निरोप

आयर्लंडमध्ये प्राचीन काळी टेल्टन येथे क्रीडामहोत्सव भरत असत. त्यांचे पुनरुज्जीवन करावे, असे डॅव्हिट आणि डॅव्हिन या दोघांचे स्वप्न होते. त्यासाठी पाच हजार पौंडांचा निधी हवा होता. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आयरिश बांधवांकडून तो मिळवावा या हेतूने सप्टेंबर १८८८ मध्ये सुमारे पन्नास खेळाडूंचा संघ जहाजाने अमेरिकेस निघाला. नेतृत्व डॅव्हिन यांच्याकडे होते.

ही सफर आर्थिकदृष्ट्या फसली. हवामान प्रतिकूल राहिले. अमेरिकेतील दोन क्रीडासंस्थांमध्ये त्या वेळी वाद पेटला होता आणि त्याची झळ पाहुण्यांना लागली. प्रेक्षक कमी आले. परतीच्या प्रवासासाठी डॅव्हिट यांना पदरचे साडेचारशे पौंड उसने द्यावे लागले. अनेक खेळाडू परत न येता अमेरिकेतच राहिले. निधी उभारण्यासाठी गेलेले अध्यक्ष कर्ज घेऊन परतले.

जानेवारी १८८९ च्या अधिवेशनात या सफरीच्या खर्चावरून डॅव्हिन यांच्यावर टीका झाली. ती त्यांच्या फार जिव्हारी लागली. त्यांनी अध्यक्षपद सोडले, ते कायमचेच. हे त्यांचे पाऊल योग्य होते काय, याविषयी मतभेद होऊ शकतो. पंचाचा निर्णय निमूटपणे मानावा, असे खेळाडूंना शिकविणाऱ्याने सभासदांचे कठोर प्रश्नही तितक्याच शांतपणे ऐकून घ्यावयास हवे होते, असे कोणी म्हणेल. वर्षानुवर्षे निरपेक्षपणे राबलेल्या माणसाने संशयाचे वातावरण किती सोसावे, असेही दुसरा विचारील. एवढे मात्र खरे की, त्यांनी निराळी संस्था काढली नाही आणि फूट पाडली नाही. खुर्ची सोडून ते शुअर नदीकाठच्या आपल्या शेतावर परतले.

पुढे संस्थेचे वाईट दिवस आले. १८९० च्या अखेरीस पार्नेल यांच्या नेतृत्वावरून आयर्लंडमध्ये राजकीय दुफळी माजली आणि तिने संस्थेलाही पोखरले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पुन्हा सावरली, तेव्हा डॅव्हिन यांनी मनात कोणतीही अढी ठेवली नाही. त्यांच्या डिअरपार्क येथील शेतात आखलेले मैदान संस्थेच्या सामन्यांसाठी खुले असे. १९०४ सालच्या हर्लिंग स्पर्धेचा लांबलेला अंतिम सामना २४ जून १९०६ रोजी याच मैदानावर झाला आणि किलकेनीने कॉर्कवर एका गुणाने मात केली. ज्या संस्थेने हिशेबावरून त्यांना बोल लावला होता, तिचा सर्वांत मोठा सामना त्यांच्याच शेतात रंगला.

आर्चबिशप क्रोक १९०२ साली आणि क्युसॅक १९०६ साली निवर्तले. डॅव्हिन दीर्घायुषी ठरले. ज्यासाठी ते अमेरिकेस गेले होते, तो टेल्टनचा क्रीडामहोत्सव स्वतंत्र आयर्लंडमध्ये १९२४ साली डब्लिन येथे भरला, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. जानेवारी १९२७ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

वाढता वारसा

डॅव्हिन यांच्या दहा नियमांतील आज फारच थोडे जसेच्या तसे उरले आहे. १८९२ मध्ये खेळाडूंची संख्या एकवीसवरून सतरा झाली आणि एक गोल पाच गुणांबरोबर धरला जाऊ लागला. त्यापूर्वी कितीही गुण झाले तरी ते एका गोलाची बरोबरी करू शकत नसत. १८९६ मध्ये गोलाचे मोल तीन गुण ठरले. १९१० मध्ये बाजूचे खांब काढून ‘एच’ आकाराचे खांब आले. १९१३ मध्ये संघ पंधरा जणांचा झाला. प्रत्येक बदलाच्या वेळी खेळ बिघडला, जुनी शान गेली, अशी ओरड झाली असेल. पण खेळ टिकला तो या बदलांमुळेच.

अगदी अलीकडेही असाच प्रसंग आला. संघ बचावासाठी सर्व खेळाडू मागे ओढू लागले, चेंडू मागे-पुढे फिरवीत वेळ काढू लागले आणि प्रेक्षक कंटाळू लागले. तेव्हा २०२४ मध्ये माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखाली नियमांच्या फेरतपासणीसाठी समिती नेमण्यात आली. तिने सुचविलेले बदल ३० नोव्हेंबर २०२४ च्या विशेष अधिवेशनात मान्य झाले आणि २०२५ च्या हंगामात मैदानावर आले. गोलापासून चाळीस मीटर अंतराच्या कमानीबाहेरून चेंडू दांडीवरून मारल्यास दोन गुण मिळू लागले. प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू दोन्ही अर्ध्यांत राहणे बंधनकारक झाले. पंचाशी बोलण्याचा अधिकार फक्त कर्णधाराकडे ठेवण्यात आला. या शेवटच्या नियमात १८८५ चा डॅव्हिन यांचा हेतूच नव्या रूपाने दिसतो. पंचाचा मान राहिला नाही, तर मैदानात पुन्हा दांडगाईचे राज्य येते.

डब्लिनमध्ये या संस्थेचे भव्य क्रीडांगण आहे. संस्थेने १९१३ साली ते विकत घेतले आणि आर्चबिशप क्रोक यांच्या स्मरणार्थ त्याला ‘क्रोक पार्क’ असे नाव दिले. ब्याऐंशी हजारांवर प्रेक्षक बसू शकतील अशा या क्रीडांगणातील एक प्रेक्षागृह क्युसॅक यांच्या, तर एक डॅव्हिन यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे बसलेल्या हजारो प्रेक्षकांपैकी किती जणांना या मनुष्याची कथा ठाऊक असते कोण जाणे! परंतु पंचाची शिटी वाजते, रागाने धावून आलेला खेळाडू थबकतो आणि दोन पावले मागे सरतो, तेव्हा त्या थबकण्यात मॉरिस डॅव्हिन यांचेच कार्य चालू असते. हातोडा कोण किती दूर फेकतो हे त्यांनी तरुणपणी दाखविले. आपले बळ कोठे आवरावे, हे शिकविण्यात त्यांनी आयुष्याची उत्तम वर्षे वेचली. आणि काळाच्या कसोटीला हेच दुसरे कार्य अधिक उतरले आहे.